सबनीस सरांचं पुठ्ठ्याचं मशीन

सबनीस सर रोज जेवणाच्या सुट्टीआधी एकदा मरायचे. पुठ्ठ्याच्या खोट्या मशीनमध्ये हात घालायचे, "आई गं!" करून जमिनीवर लोळायचे आणि एक डोळा किलकिला करून बघायचे, कोणी ओरडतंय का. कोणी ओरडायचं नाही. मग कपडे झटकत उठायचे.

खडोलीच्या आमच्या प्लास्टिकच्या कारखान्यात शेठनी हे ध्यान पुण्याहून आणलं होतं. जवळच्या किलवणी गावातल्या वारली बायकांना मशीनवर जपून काम करायला शिकवायचं, तेही त्यांच्या रीतीभातीला धरून, म्हणून खास कोर्स तयार करायला. मी स्टोअरला, मूळचा धुळ्याचा. त्यांची सरबराई माझ्याच गळ्यात पडली. पगार घेऊन रोज लोळायचं, असली नोकरी आमच्या नशिबात कुठली भाऊ!

"संस्कृती समजून घ्या हो, संस्कृती!" हे त्यांचं पालुपद. चहा सांडला तरी संस्कृती. एकदा फळ्यावर, लग्नघरात भिंतीवर काढतात तसल्या वारली चित्रासारखं मशीन काढलं, भोवती माणसं. बायका बघत राहिल्या. शेवटी त्यांच्यातल्या मानकीनं अदबीनं विचारलं, "सर, लगीन कोनाचा हाय?" मग धोका दिसला की वाजवायला म्हणून सरांनी शिट्ट्या वाटल्या. दुसऱ्या दिवशी एकही शिट्टी कामावर आली नाही. किलवणीत पोरं वाजवत फिरत होती.

कोणाचा हात मशीनमध्ये जाताना दिसला की आधी जोरात ओरडायचं, हा कोर्सचा पहिला धडा. आणि बायका काही केल्या सरांवर ओरडेनात. "सर मोठा मानूस, त्याचेवर कसा ओरडायचा?" मानकी म्हणायची. सर कपाळाला हात लावायचे. "आमच्या पुण्यात हा धडा लागलाच नसता!" एवढं मात्र खरं बोलले.

शेवटी शेठ वैतागले. "शनिवारी मारी सामे, माझ्या डोळ्यांपुढे, बायका ओरडल्या तर ठीक. नाहीतर मुंबईहून व्हिडिओ मागवतो, सर पुण्याला परत."

सरांचं तोंडच उतरलं. लोक पुण्यात घर व्हावं म्हणून तडफडतात, आणि ह्यांना पुण्याचं नाव काढलं की कापरं भरतं. नसते नखरे!

शनिवारी सर जीव तोडून मेले. इतके छान कधीच मेले नव्हते. बायका चिडीचूप. मानकी तेवढी उठली आणि त्यांच्यासाठी पाण्याचा गिलास घेऊन आली. शेठ मुंबईला फोन लावतच निघून गेले.

संध्याकाळी सर पुठ्ठ्याचं मशीन डोक्यावर घेऊन, खाली मान घालून गेटबाहेर पडले. तिथं मालाचा टेम्पो रिव्हर्स येत होता. मी तोंड उघडेपर्यंत मागून बायकांचा एकच गलका झाला, "ए सर! हट! मरशील!"

सर दचकून बाजूला उडाले. मशीन चाकाखाली गेलं.

मानकी धावत आली. "डोलं कुठं ठेवलंस तुझं? आता मेला असतास ना!"

"सर, बायका पास झाल्या!" मी म्हटलं. "थांबा, शेठना घेऊन येतो."

"राहू दे रे जरा," सर म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "बायको गेल्यापासून माझ्यावर कोणी ओरडलंच नव्हतं. पुण्याच्या घरात नुसतं गप्प बसून राहायचं."

मानकी त्यांना पार रस्त्याच्या कडेपर्यंत रागवत होती, आणि हा बाबा मुद्दाम सावकाश चालत होता.