अनसाबाईंनी शोधलेलं कझाकस्तान

एका जंगलात, मुलांनो, मोबाइलला रेंज फक्त टेकडीवरच्या एका आंब्याखाली यायची. त्यामुळे त्या आंब्याला फार मान होता. पूर्वी प्राणी पाणवठ्यावर भांडायचे, आता आंब्याखाली भांडायचे.

त्याच जंगलात अनसाबाई नावाच्या एक साळिंदर राहायच्या. अंगावर काटे, पण आत जीव मऊ. तो सगळा जीव मुलीत अडकलेला. मुलीचं नाव सुलू. सुलूला डॉक्टर व्हायचं होतं. जंगलाच्या कॉलेजात जागा एकच होती आणि ती वाघाच्या पुतण्याला मिळाली. पुतण्याला रक्त बघायची सवय होती, असं कारण दिलं गेलं. मग सुलूने दूर उत्तरेला, कझाकस्तानात अर्ज केला, आणि तिथं तिचा नंबर लागला.

कझाकस्तान म्हणजे काय, ते सांगतो. पूर्वी तिकडे सोव्हिएत नावाचं एक भलंमोठं एकत्र कुटुंब होतं. पंधरा भाऊ आणि चूल एक. पुढे वाटण्या झाल्या आणि ज्याने त्याने आपापली चूल मांडली. त्यातला हा एक भाऊ. थोरल्याखालोखाल मोठं अंगण याच्याच वाट्याला आलं.

आता अडचण एकच होती. राहण्याचा पत्ता दिल्याशिवाय कॉलेज प्रवेश पक्का करेना. तिथं बालजान आपा नावाच्या एक म्हाताऱ्या सायगा जातीच्या हरणी एकट्याच राहायच्या. त्या खोली द्यायला तयार होत्या. पण त्यांनी कळवलं, "आधी मुलगी बघीन, घर बघीन, तुमच्याबरोबर बसून चहा पिईन. मग काय ते सांगीन."

म्हणजे सुलूची सगळी डॉक्टरकी एका चहावर आली होती.

"आपल्या हातून काही चुकायला नको गं," अनसाबाई म्हणाल्या. "त्यांच्या रीतीभाती नीट शोधून काढते. अगदी खात्रीलायक." आणि मोबाइल घेऊन त्या चार दिवस आंब्याखाली जाऊन बसल्या.

सगळ्यात आधी सापडलं घुबडशास्त्र्यांचं पान. फार भारदस्त. ओळीला तीन तळटिपा. पण त्या पानावर अजून वाटण्याच झाल्या नव्हत्या. पान लिहून शास्त्रीबुवा जे झोपले होते, ते अजून उठले नव्हते.

मग माकडाचा ब्लॉग निघाला, 'कझाकस्तान: मी जगलेलं'. माकड तिथं तीन तास जगलं होतं, विमान बदलताना. तेवढ्यात काचेतून पाहून त्याला कळलं होतं, की तिथले प्राणी मनाने अबोल असतात. पोपटाचा एक व्हिडिओही होता, 'कझाक पाहुणा घरी आला तर ही एक चूक कधीच करू नका!' अकरा मिनिटांचा. ती चूक कोणती, हे तो दुसऱ्या भागात सांगणार होता. दुसरा भाग त्याने काढलाच नाही. तरसाच्या प्रवेश-मार्गदर्शन केंद्राच्या पानावर हसऱ्या विद्यार्थ्यांचे चाळीस फोटो होते. कोट मात्र सगळ्यांच्या अंगात एकच होता.

अनसाबाई थकल्या. शेवटी त्यांनी मैनेला विचारलं. ही मैना मोबाइलमध्येच राहायची आणि तिला माहीत नाही असं जगात काहीच नव्हतं. निदान ती तसं कधी म्हणाली नव्हती.

"कझाक पाहुण्याला चहा कसा द्यावा गं?"

"किती सुंदर प्रश्न, अनसाबाई! कप काठोकाठ भरावा. कप जेवढा भरलेला, तेवढी माया जास्त."

"नक्की ना?"

"अगदी नक्की."

अनसाबाईंना हायसं वाटलं. त्यांनाही नेमकं असंच वाटत होतं. आपल्या मनातलंच सांगते म्हणजे ही खरी जाणकार, असं त्यांनी ठरवून टाकलं.

इतक्यात वरच्या फांदीवरून आवाज आला, "बाई, काठोकाठ नका भरू."

ती एक भोरडी होती. भोरड्या तुम्ही पाहिल्या असतील, मुलांनो. गुलाबी अंगाचे काळ्या डोक्याचे पक्षी, हिवाळ्यात थव्याने येतात आणि जोंधळ्यावर तुटून पडतात. उन्हाळा त्या तिकडे काढतात, कझाकस्तानच्या बाजूला.

"तिकडे कप अर्धाच भरतात," भोरडी म्हणाली. "अर्धा कप म्हणजे निवांत बसा, मी पुन्हा पुन्हा भरून देते. आणि भरलेला कप म्हणजे प्या आणि निघा."

"तुला कसं गं ठाऊक?"

"माझी सगळी बाळंतपणं तिथंच झालीत."

"नेटवर पान आहे का तुझं?"

"नाही."

"फॉलोअर किती?"

"मी उडाले की मागे दहा हजार उडतात."

"ते नव्हे गं बाई. संदर्भ काय तुझ्या म्हणण्याला?"

भोरडीने जरा विचार केला. "मीच की," ती म्हणाली.

अनसाबाई खो खो हसल्या. "अर्धा कप! दारी आलेल्याला अर्धा कप द्यायला आम्ही काय भिकेला लागलोय? सुलू, हुसकव हिला. आली फुकटचे जोंधळे खायला आणि शहाणपण शिकवायला."

"आई, पण ती तिथं राहते गं."

"कबुतरं देवळात राहतात, म्हणून त्यांना आरती येते का?"

भोरडी उडून गेली.

ठरल्या दिवशी बालजान आपा आल्या. तीन आठवडे चालून आल्या होत्या. लांब लोंबतं नाक, थकलेले पाय आणि गळ्यात सुलूसाठी आणलेली खारट दह्याच्या वाळवलेल्या गोळ्यांची पिशवी. त्यांनी सुलूला जवळ घेतलं आणि काटे ज्या दिशेला झोपतात त्याच दिशेला तिच्या पाठीवरून हात फिरवला. हे पहिल्या भेटीत कुणाला जमत नाही. सुलूला त्या तिथंच आवडल्या.

अनसाबाईंनी चहा आणला. कप काठोकाठ.

आपांनी कपाकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. तरी बिचाऱ्या दोन घोट प्यायल्या.

"अर्धा, आई, अर्धा!" सुलू कुजबुजली. अनसाबाईंनी डोळे वटारले आणि कप पुन्हा काठापर्यंत भरला. "घ्या हो. आमच्याकडे नाही म्हणायची पद्धत नाही."

आपांनी आणखी एक घोट घेतला. अनसाबाईंनी तिसऱ्यांदा ओतला. या वेळी चहा बशीत सांडला.

आपांचं लांब नाक थरथरलं. त्या उठल्या. "कळलं मला," त्या म्हणाल्या. "तीन तीनदा सांगायची गरज नव्हती. एकदा सांगितलं असतं तरी मी गेले असते."

"अहो, बसा की! लाजताय काय?" असं म्हणून अनसाबाईंनी चौथ्यांदा कप भरला.

आपा निघून गेल्या. सुलू मागे धावली. पण सायगा वाऱ्यासारखी पळते, आणि साळिंदर साळिंदरासारखीच. बांधापर्यंत पोचली तेव्हा समोर नुसती धूळ होती. सुलू तिथं उभी राहून खूप रडली. इथं, मुलांनो, हसायचं नाही.

रडून झाल्यावर तिने आपांना पत्र लिहिलं. चहाची चूक कशी झाली ते सगळं खरंखरं कळवलं आणि माफी मागितली.

अनसाबाईही गप्प बसल्या नव्हत्या. त्यांनीही लिहिलं, पण नेटवर. 'कझाक पाहुणे: एका आईचा प्रत्यक्ष अनुभव.' त्यात त्यांनी म्हटलं, की हे प्राणी भारी तुसडे. चार कप चहा पाजला तरी तोंडातून एक गोड शब्द निघत नाही. लेख माकडाने उचलला. पोपटाने त्याचे दोन्ही भाग काढले. घुबडशास्त्री खास उठले, त्या लेखाची एक तळटीप घातली आणि पुन्हा झोपले. भोरडीने लेखाखाली दुरुस्ती लिहिली होती, ती संदर्भ नसल्यामुळे काढून टाकण्यात आली. आठवड्याभरात मैनाच सगळ्यांना सांगू लागली, "या विषयात अनसाबाईंचा शब्द प्रमाण मानतात."

महिन्याने आपांचं उत्तर आलं. सुलूने ते मोठ्याने वाचलं.

"बाळ, तुझं पत्र वाचून मला माझंच हसू आलं. चहाचं मी विसरले. खोली झाडून ठेवली, तुझ्यासाठी रजई शिवायला घेतली. मग वाटलं, तुम्हा लोकांना काय आवडतं ते जरा शोधावं, माझ्याकडून काही चुकायला नको. नेटवर पाहिलं, तर पहिलंच पान तुझ्या आईचं निघालं. ते मी दोनदा वाचलं. खोली दुसऱ्या मुलीला दिली आहे. तू सुखी राहा."

सुलूने पत्राची घडी घातली.

मग अनसाबाईंनी हातावर हात आपटला. "बघितलंस? मी लिहिलं नव्हतं, तुसडेच आहेत म्हणून?"

आणि लेखात एवढा एक पुरावा जोडायला त्या लगबगीने टेकडी चढू लागल्या.

तात्पर्य: खात्रीलायक माहिती शोधण्यात वेळ दवडू नये. ती स्वतःच लिहावी. पुरावा मागाहून घरपोच येतो.