जागं राहणारं क्रियापद

नाशिकच्या सौदामिनी सोसायटीत 'वॉच' हे इंग्रजी क्रियापद रखवालदार म्हणून नोकरीला होतं. त्याला चिकटवलं होतं सेक्रेटरी ओगलेबाईंनी. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे त्यांच्या क्रियापदांशी ओळखी होत्या. "याचं आणि 'वेक'चं मूळ एकच, जागं राहणं," त्यांनी शिफारस केली होती. "खानदानी जागं आहे."

आणि नेमकी बाईंचीच स्कूटर चोरीला गेली. नवऱ्यामागे उरलेली, रोज स्वतः पुसलेली.

सकाळी चेअरमन उकिडवे आणि बाई फाटकाशी गेले. वॉच ताठ उभं होतं.

"झोपलं होतंस काय रे?" उकिडव्यांनी दरडावलं.

"झोप माझ्या अर्थात बसत नाही, साहेब. सगळं पाहिलं. चोरानं साखळी तोडली, स्कूटर ढकलत नेली. फाटकाशी ठेचकाळला, तेव्हा 'आई गं' म्हणाला."

"मग अडवलं का नाहीत?" बाईंचा आवाज चिरकला.

"अडवणं हे वेगळं क्रियापद आहे, बाई. ते सोसायटीनं नेमलेलं नाही."

बाईंना रडू येत होतं, पण उत्तरात व्याकरणाची चूक सापडेना. त्या पुढे काही विचारणार, तोच उकिडवे घाईनं म्हणाले, "पुरे! विषय सभेपुढे येईल."

सभा संध्याकाळीच झाली. परक्या मुळाच्या क्रियापदावर सोसायटी चालत नसते, असं उकिडव्यांनी चष्मा पुसत सांगितलं. सभासदांना मातृभाषेचा अभिमान एकदम आठवला. ज्यांची मुलं इंग्रजी शाळेत होती, त्यांना जरा जास्तच. वॉचला काढून 'बघणे' हे अस्सल मराठी क्रियापद नेमलं गेलं. ते आलं, फाटकाशी खुर्चीत बसलं आणि त्यानं पाय लांब केले.

वॉचला पोचवायला बाई रस्त्यापर्यंत गेल्या.

"चोर ओळखीचा होता का हो?"

"उकिडवेसाहेबांचा जावई. तेवढं कुणी विचारलंच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाई पंचवटीत जावयाच्या दारात उभ्या राहिल्या. स्कूटर अंगणातच होती, हँडलला दुधाची पिशवी. पिशवी त्यांनी नीट ओट्यावर ठेवली, कारण दूध त्यांचं नव्हतं, आणि स्वतःच्या किल्लीनं स्कूटर सुरू करून घरी आणली.

पाठोपाठ, जावयाचा फोन येताच, उकिडवे धापा टाकत फाटकाशी पोचले.

"बाई माझ्या जावयाची गाडी घेऊन आत आल्या! तू पाहिलंस ना? सभेत साक्ष देशील ना?"

नव्या रखवालदारानं एक डोळा किलकिला केला.

"बघू की, साहेब," ते म्हणालं. "बघू."