स्थापना १९११

मंगळवार, दुकानाचं वय ३९

सकाळी अभिमनचं भांड्यांचं दुकान एकोणचाळीस वर्षांचं होतं. दुपारच्या चहापर्यंत ते ऐंशीचं झालं.

रंगारी छताचा चुना खरवडत होता. लोखंडी तुळईवर उठावाचे आकडे निघाले : १९११.

"म्हणजे बन्सीलालपेक्षा जुनं!" अभिमन ओरडला. समोरच्या बन्सीलालच्या कापडदुकानावर 'स्थापना १९३६' अशी पाटी होती. ती अभिमनला रोज गल्ल्यावर बसल्या बसल्या खुपायची.

बाकावर म्हातारा जीवराम मिस्तरी चहा पीत होता. "आरे अभिमन, हाई दुकान मीच बांधेल शे. बावन्न सालमा. तुना बाप विटा भिजाडे."

"आबा, वय झालं तुमचं. लोखंड खोटं बोलतं का?"

जीवराम अर्धा चहा टाकून उठला.

बुधवार, वय ८०

नवी पाटी, पेढे. बन्सीलालनेही एक पेढा घेतला आणि खाण्याआधी सगळ्या बाजूंनी पाहिला.

सोमवार, वय ८० (उरले आठ दिवस)

पालिकेची नोटीस आली. पंचाहत्तर वर्षांवरील इमारती धोकादायक, आठ दिवसांत पाडाव्यात. वयाचा पुरावा : दर्शनी पाटी.

अभिमनने नोटीस दोनदा वाचली. बायको पुष्पाबाई म्हणाल्या, "आता थांबता कशाला? शिवकाळापर्यंत न्या. मग सरकारच राखण करेल."

अभिमन जीवरामच्या ओट्यावर गेला. "आबा, चुकलो."

"माले काय इचारस? लोखंडले इचार."

"आबा, दुकान जातंय."

म्हाताऱ्याने चपला शोधल्या. "ते रूळ शेतस, येडा! रेल्वेना जुना रूळ. भुसावळना लिलावमाईन मीच आणेल. १९११ ले रूळ बनना, दुकान नही."

मंगळवार, वय ३९ (वादग्रस्त)

पालिकेच्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "रूळ असतील. पण माडी भार पेलते, हे कशावरून?"

"बठ्ठा जण वर चढा!" जीवरामने रस्त्याकडे तोंड करून हाक दिली.

"चढू दे," साहेब म्हणाले आणि स्वतःही चढले. अख्खा मेन रोड माडीवर आला, बन्सीलालसकट. चाळीस माणसांनी उड्या मारल्या. खाली अभिमन डोळे मिटून उभा होता. साधं पातेलंही वाजलं नाही.

"शाबास! उतरा आता," साहेब म्हणाले.

बन्सीलालने लाकडी जिन्यावर पहिला पाय ठेवला. कडाड्! त्याने माडीचा कठडा धरला म्हणून वाचला, पण जिना खाली जाऊन पडला. धूळ बसली. माडीवर चाळीस माणसं आणि एक साहेब.

वर साहेब खाली वाकून बघत होते. मग त्यांनी स्वतःच्या परवानगीने चढलेल्या गर्दीकडे बघितलं, पेन काढलं आणि गुडघ्यावर कागद ठेवून बराच वेळ लिहिलं. कागद तरंगत खाली आला. पुष्पाबाईंनी मोठ्याने वाचला :

"इमारत सुस्थितीत. धोकादायक भाग फक्त जिना. तो माझ्या समक्ष, मुदतीपूर्वी पाडण्यात आला."