माझ्या तोंडाचं कुलूप

घरात सत्ता कोणाची, हे सातबाऱ्यावरून कळत नाही. मोठा फोन कोणाच्या हातात आहे, यावरून कळतं. कोन गावातल्या आमच्या घरात सहा फोन, त्यात सगळ्यात लहान, बटणांचा, माझा. ही बाब गंभीर होती. मी दुसरी नापास असले तरी निवड समिती नेमता येते. अध्यक्ष मी, सदस्य मी, सून रंजिता पिशवी धरायला.

पनवेलच्या दुकानात मी फोन पापलेटासारखा पारखला. अंगठ्याने दाबला, उलटा केला, डोळे तपासले. (तीन निघाले. आमच्या ह्यांना दोन आहेत, पण त्यांना ताटातला केस तेवढा दिसतो.)

"आजी, वास कसला घेताय?" दुकानदाराने विचारलं.

"शिळा हाय का बघते."

घरी नात समीक्षाने फोनला माझा चेहरा शिकवला. चेहरा हीच किल्ली. नेमकी त्याच वेळी रंजिता आतून म्हणाली, "आई, आज सुकटीत चिंच जास्त झाली." फोनने तेव्हाचं माझं तोंड पाठ केलं.

तेव्हापासून फोन फक्त रागाला उघडतो. (आकडे टाकूनही उघडतो म्हणतात. ते मी इतके गुप्त ठेवले, की मलाही सांगितले नाहीत.) सबब घरात नियम झाला: फोन उघडायचा असल्यास सुनेने हातातलं काम सोडून हजर व्हावे व सासूच्या एका गोष्टीस नाव ठेवावे. पहिल्या आठवड्यात फोन एक्केचाळीस वेळा उघडला. सुकट एकोणीस, भाकरी पंधरा, बाकी माझं माहेर. या काळात रंजिताची तब्येत फार सुधारली. असो.

मग धाकटी नात प्राची बाळंत झाली. मुलगी. फोटो एकाच वेळी दोघींना आला, मला आणि प्राचीच्या आजेसासूला, उरणच्या शांतीला. आमच्यात मूल कोणावर गेलं, हे जी म्हातारी पहिली बोलते तेच जन्मभर खरं धरतात. शांती पहिली बोलली असती, तर त्या पोरीला मरेपर्यंत शांतीचं नाक.

आणि मला हसू आवरेना. फोन ढिम्म.

"आई, सुकट खारट!" रंजिता ओरडली.

"असंल ग."

"भाकरी कच्ची!"

"व्हय ग बाय."

"तुमच्या माहेरी कोणाला मासा साफ करता येत नाय!"

"कधीच नाय आला!" मी तिचा मुका घेतला.

रंजिता घामाघूम झाली. शेवटी हळूच म्हणाली, "आई, पोर शांतीवरच गेली असंल."

फोन खाडकन उघडला.

"माझ्यावर गेलीय!" मी फोटो नीट बघायच्या आधीच ओरडून कळवलं. शांतीने हरकत घेतली. तिचा निकाल पाचवीच्या दिवशी, सगळ्यांसमोर लागला. पोर भुकेने रडत होती. मी फोन तिच्या तोंडासमोर धरला. उघडला.

तुम्ही हसा खुशाल. तुमचा फोन बघता क्षणी उघडतो, तेव्हा तुमचं तोंड कसं असतं, ते एकदा घरच्यांना विचारा. फोन नवा आहे. ते तोंड ती माणसं कधीपासून बघतायत.