सासऱ्यांचे व्हॉल्व्ह

या, असे जवळ सरकून बसा. मागे बसलेल्यांनी पुढे या, आणि पुढे बसून ज्यांचं मन घरच्या गॅसवर आहे त्यांनी तेही इथे आणा. देवाचं नाव घेऊन एक गोष्ट सांगतो. हसू आलं तर दाबू नका. देवाला रडकी तोंडं रोजच बघावी लागतात, आज थोडा बदल होईल.

गोष्ट एका जावयाची. त्याला सगळे डाखोबा म्हणत. तारेला तार टेकवायची आणि वर वितळलेल्या कथलाचा थेंब सोडायचा, याला डाख देणं म्हणतात, आणि हा माणूस दिवसभर तेच करी. गिटारचे जुने अँप्लिफायर दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. आजकालचे नव्हेत. लाकडी पेटीतले, ज्यांच्या पोटात काचेचे व्हॉल्व्ह असतात, बटण दाबलं की ते सावकाश उजळतात, आणि ते तापल्याशिवाय यंत्र तोंडातून शब्द काढत नाही, असे. घरातल्या वडीलधाऱ्यांसारखे म्हणा ना. उठवल्या उठवल्या बोलत नाहीत, आणि एकदा तापले की आवरत नाहीत.

डाखोबाला एक खोड होती. दुरुस्तीला आलेल्या अँपला तो मालकाच्या नावानेच ओळखे. "वकीलबाई आज नुसत्या गुणगुणतायत." "पोस्टमास्तर पुन्हा खरखरायला लागले." एकदा जेवता जेवता म्हणाला, "कंपाउंडर जळाले." बायकोला सवय झाली होती. ती हातातला घासही न थांबवता विचारी, "लाकडाचे की हाडामासाचे?" तो म्हणे, "लाकडाचे." जेवण पुढे चाले. हा प्रश्न तेवढा ध्यानात ठेवा. या घरात तो ती एकटीच विचारायची, आणि ही गोष्ट घडली तेव्हा नेमकी तीच शाळेच्या मुलांची सहल घेऊन गावाबाहेर गेली होती.

घर सासऱ्यांचं. ते वर राहत. खाली रस्त्याकडेच्या खोलीत डाखोबाचं दुकान. त्या खोलीवर मेव्हण्याचा डोळा होता. मेव्हणा दातांचा डॉक्टर, स्वभावाने भला, पण त्याला दुसरी खुर्ची टाकायची होती. तो खोलीत आला की भिंती अशा बघे जणू त्यांना कीड लागलीय.

सासरे एके काळी गिटार वाजवत. प्रार्थनागृहात एक बुवा गाऊन प्रवचन करीत आणि सासरे साथीला बसत. साथ कसली, बुवांना त्यांच्या मागून ओरडावं लागे. सासूबाई पहिल्या रांगेत बसून तळहाताने खाली, खाली अशी खूण करीत. हळू. लोक बुवांकडे कमी आणि त्या हाताकडे जास्त बघत. सासऱ्यांनी ती खूण जन्मात मानली नाही. मग सासूबाई गेल्या, आणि त्यांच्यामागे सासऱ्यांच्या गिटारचा अँपही माळ्यावर गेला.

तर एकदा मेव्हण्याने खोलीचा विषय फारच लावून धरला, तेव्हा सासऱ्यांनी निकाल दिला. "माळ्यावरचं माझं यंत्र काढा. रविवारी सगळे जेवायला आहेत. तोवर ते वाजलं तर खोली जावयाची. नाही वाजलं तर दातांची. पुन्हा माझं डोकं खाऊ नका."

डाखोबाने छाती पुढे काढली. "रविवारी सासऱ्यांना असं गायला लावतो की समोरच्या घरातली कपाटं वाजतील."

"दाजी," मेव्हणा म्हणाला, "मी तोवर भिंतीची मापं घेऊन ठेवू का?"

डाखोबाने यंत्र टेबलावर उलटं केलं, सांगाडा बाहेर काढला, धूळ झाडली, वाळलेले कंडेन्सर बदलले. बाकी सगळं साधलं. पण आवाज मोठा करणारे दोन व्हॉल्व्ह कामातून गेले होते, आणि तशा जातीचे आता कुठे होत नाहीत. शनिवारी सकाळी त्याने जुन्या सुट्या भागांच्या दुकानदाराला फोन लावला. हा दुकानदार कानाने कमी. त्याच्याशी बोलायचं म्हणजे गल्लीशी बोलायचं.

"सासऱ्यांचे व्हॉल्व्ह गेले! हो, दोन्ही. लालबुंद होतात आणि मग आवाज जातो. उघडून ठेवलेत सकाळपासून. नवे मिळत नाहीत हो, माहीत आहे. दुसऱ्या कुणाचे काढलेले असले तरी चालतील. उद्याच्या आत नाही मिळाले तर सगळं संपलं!"

दारात मावशी उभ्या होत्या.

मावशी म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण. मनाने लोणी. पण अँप्लिफायर म्हणजे काय हे ज्याला कळत नसेल त्याने मावशींना बघावं. एका बाजूने कुजबुज आत घाला, दुसऱ्या बाजूने गर्जना बाहेर येते, आणि वीजही लागत नाही. मावशी आत न येता तशाच वळल्या. पहिल्या शेजारणीला त्यांनी सांगितलं, भावोजींच्या हृदयात दोष निघाला. दुसरीला सांगितलं, दोन दोष निघाले. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानापर्यंत पोचेतो सासऱ्यांची छाती उघडलेली होती. आणि प्रत्येकाला त्यांनी एकच शपथ घातली, "त्यांना मात्र कळू देऊ नका. धक्का बसेल."

दुपारपर्यंत सासऱ्यांकडे संत्र्यांचा ढीग लागला. ज्यांच्याशी कुंपणावरून भांडण होतं ते शेजारी येऊन म्हणाले, "कुंपण तुमचंच आहे. मनाला लावून घेऊ नका." मावशी सूप घेऊन बसल्या. सासरे उठले की त्या म्हणत, "बसा." बसले की म्हणत, "पडा."

सासऱ्यांनी दोन-तीनदा विचारलं, "आज काय आहे?" सगळे म्हणाले, "कुठे काय, सहज." मग त्यांनीही चौकशी सोडली आणि सूप आणखी मागितलं. त्यांना वाटलं, उशिरा का होईना, माणसांना आपली किंमत कळली.

तेवढ्यात मेव्हणा दवाखाना अर्धा टाकून धावत खोलीत आला. कुणाची तरी दाढ उघडी ठेवून आला होता बिचारा. डाखोबा टेबलावर पालथा पडून डाख देत होता. त्याने मान वर केली नाही.

"दाजी, मावशी म्हणते व्हॉल्व्ह गेला."

"एक नाही, दोन्ही."

"आणि मला कुणी बोललं नाही?"

"तुम्हाला खोली हवी. तुम्हाला कशाला सांगू?"

मेव्हणा ओशाळला. खरंच होतं ते. तो हळू आवाजात म्हणाला, "बदलणार कोण?"

"कोण म्हणजे? मी."

"तुम्ही?"

"हात बसलाय माझा. उद्या जेवणाआधी इथेच टेबलावर करून टाकतो. म्हणजे सगळ्यांच्या समोर होईल."

मेव्हण्याने टेबलावरची कथलाची तार बघितली. "आणि भूल?"

"भूल माझ्या हातून होत नाही," डाखोबा जरा रागावूनच म्हणाला. "एक हात कायम खिशात ठेवतो."

"एका हाताने?"

"दोन्ही हात आत घातले आणि झटका बसला की माणूस गेलाच समजा. आमच्या धंद्यातला पहिला नियम आहे तो."

"आत्ता कसे आहेत?"

"थंड. आतला सगळा करंट उतरवून ठेवलाय."

मेव्हणा जिन्याच्या पायऱ्या गाळत वर गेला. सासरे सूप पिऊन झोपले होते. थंड आहेत का बघायला त्याने त्यांचे तळपाय चाचपले. सासऱ्यांनी एक डोळा उघडला. "बुटाचं माप घेतोयस का? मग जरा सैलच घे."

मेव्हणा वळला. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आपण बापाला खोलीसाठी किती छळलं, हे त्याला त्या भिंतीवर लिहिल्यासारखं दिसत होतं. पापभीरू माणूस हो. दात काढताना पेशंटच्या आधी त्याच्याच डोळ्यांत पाणी येई.

शनिवारी संध्याकाळी दुकानदार स्वतः आला. दारात मावशी भेटल्या. त्याने कापसात गुंडाळलेला खोका दोन्ही हातांनी त्यांच्या ओंजळीत ठेवला. "सासऱ्यांचे व्हॉल्व्ह. फार जपून. एका म्हाताऱ्याचे काढलेत, पण अजून दमदार आहेत."

"देव त्या म्हाताऱ्याचं भलं करो," मावशी म्हणाल्या.

दुकानदाराला ऐकू आलं नाही, तो गेला. मावशींनी खोका कपाळाला लावला. आत बघण्याची हिंमत नव्हती. पण त्या काही अडाणी नव्हत्या. असल्या गोष्टी थंडीत ठेवतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी वर जाऊन फ्रीज उघडला, बर्फाच्या कप्प्यातले मटार काढून खाली ठेवले, आणि खोका आत सारला.

रविवार उजाडला. डाखोबाने खोली उलथीपालथी केली. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "एका बाईंच्या हातात दिले." कोणत्या बाई? "त्या कपाळाला लावणाऱ्या." जेवणाची वेळ झाली, वर पाहुणे जमले, आणि टेबलावर सासरे उलटे पडलेले, पोटात दोन रिकाम्या खोबणी. डाखोबाला भिंतीवर दातांचं पोस्टर दिसायला लागलं. शेवटी तो हातात पेचकस घेऊन, घामाघूम, वरच्या बैठकीत शिरला.

"सासऱ्यांचे व्हॉल्व्ह कुणी घेतले?"

मावशींनी ओठांवर बोट ठेवलं. खुर्चीत उशांच्या ढिगात बसवलेल्या सासऱ्यांनी चमचा खाली ठेवला.

"हळू बोला, जावईबापू," मावशी ओरडल्या. "बर्फात ठेवलेत मी. ताजे राहायला नकोत?"

"बर्फात?" डाखोबाचा आवाज चिरकला.

"माझे व्हॉल्व्ह बर्फात?" सासरे म्हणाले.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मेव्हणा पुढे झाला, त्याने वडिलांचा हात हातात घेतला. "बाबा, घाबरू नका. तुमचे व्हॉल्व्ह गेलेत."

"ठाऊक आहे मला," सासरे म्हणाले. "तुझी आई गेली त्याच्या आधीच गेले होते."

एक रडण्याची लाट उठली. एवढी वर्षं एकट्याने सोसलं, कुणाला कळू दिलं नाही. कुंपणवाले शेजारी रुमालात तोंड घालून हुंदके देत होते.

"बाबा," मेव्हणा म्हणाला, "मला खोली नको. काही नको. दाजींनाच ठेवा तिथे. पण तेवढं ऑपरेशन त्यांच्याकडून करून घेऊ नका. एक हात खिशात ठेवून करणार म्हणतात."

नेमकी तेव्हा डाखोबाची बायको सहलीची पिशवी खांद्यावर घेऊन दारात आली. तिने रडणारे लोक बघितले, संत्री बघितली, नवऱ्याच्या हातातला पेचकस बघितला.

"काय झालं?"

"तुझ्या वडिलांचे व्हॉल्व्ह गेले गं," मावशींनी टाहो फोडला.

"लाकडाचे की हाडामासाचे?"

डाखोबा म्हणाला, "लाकडाचे."

मंडळी, शांतता कशाला म्हणतात ते त्या बैठकीत कळलं. मावशींचं तोंड उघडं होतं, पण बाहेर काही येत नव्हतं. असं यापूर्वी कधी झालं नव्हतं. मग उशांच्या ढिगातून खदखद ऐकू आली. सासरे हसत होते. हसता हसता त्यांनी एक संत्रं उचललं आणि शेजाऱ्यांना दाखवून म्हणाले, "परत मिळणार नाही. कुंपणही."

खोका काढला, खालून यंत्र वर आणलं. कापूस बर्फाने कडक झालेला. डाखोबा म्हणाला, "आधी कपाटात ठेवून सावकाश गारठा उतरू द्यावा लागेल." पण सासऱ्यांना दम कुठला. माळ्यावरून काढलेली गिटार त्यांनी मांडीवर घेतलीच होती. जरा पुसून, जरा फुंकून, डाखोबाने मनातल्या मनात देवाला हाक मारली आणि व्हॉल्व्ह बसवले. बटण दाबलं. दोन्ही उजळले. सगळे पुढे वाकले.

टिक.

एवढासा आवाज. एका व्हॉल्व्हच्या काचेवर बारीक रेघ गेली, आणि टोकाशी जो आरशासारखा चकचकीत डाग असतो तो दुधासारखा पांढरा पडला. आत हवा शिरली की असंच होतं. मावशींनी पदर तोंडावर घेतला.

उरला एक. सासऱ्यांनी तार छेडली. आवाज आला, पण केवढासा. समोरच्या घरातली कपाटं सोडाच, इथल्या बशीवरचा चमचाही हलला नाही.

"हा कसला आवाज?" मेव्हण्याच्या डोळ्यांतलं पाणी एव्हाना सुकलं होतं. "भूल उतरायच्या आधी पेशंट असं बोलतो. याला वाजणं म्हणत नाहीत, बाबा."

सासऱ्यांचं लक्ष तारांवर होतं. ते वाजवत होते. बुवांच्या प्रवचनातली जुनी चाल. इतकी हळू की ऐकायला सगळ्यांना श्वास आवरावा लागला. रस्त्यावरची सायकलची घंटा मधूनच ऐकू येत होती. चाल संपली तसा सासऱ्यांनी आपला तळहात उचलला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत खाली, खाली असा केला.

"ऐकलं बरं का तुझं," ते म्हणाले. "जरा उशीर झाला एवढंच."

 मग सासरे घसा साफ करून लेकाकडे वळले. "यंत्र वाजलं की नाही, यावर वाद होऊ शकतो. पण मला खोली नको, असं कोण म्हणालं त्यावर वाद नाही. मावशी, तू ऐकलंस?"

"मी?" मावशी म्हणाल्या. "शिंप्यापर्यंत पोचलंसुद्धा असेल."

खोली डाखोबाची राहिली. त्याच्या हातची करामत म्हणून नव्हे, हे तो कुणाला सांगत नाही. पुढे दुकानदाराने आणखी एक व्हॉल्व्ह शोधून आणला, पण सासरे तो बसवू देत नाहीत. डाखोबा कुरकुरला, "हे शास्त्राला धरून नाही." सासरे म्हणाले, "असू दे. हळूच बरं आहे." शेवटी त्याने आतल्या दोन तारा बदलून एकट्या व्हॉल्व्हची सोय लावून दिली. आता रविवारी सगळे खालच्या खोलीत बसतात, मेव्हणासुद्धा. तो अधूनमधून भिंतीकडे बघतो, नाही असं नाही.

तर मंडळी, गोष्ट संपली. माझं मागणं एवढंच. फ्रीजमध्ये बर्फ काढायला हात घालाल, आणि मटारच्या जागी काही दिसेल न दिसेल, तेव्हा क्षणभर थांबा आणि मावशींची आठवण काढा. सासूबाईंचं सासऱ्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं, ते त्या माउलीने ऐकायला लावलं. मनात आठवण काढलीत तरी चालेल. तुम्ही नुसतं मनात म्हणालात, तरी बाकीच्यांना त्या ऐकवतील.