हिमाल्याचा पोळा

पोळा परवावर आला आणि पुंडलिकरावांच्या बैलाचा ब्रेक लागेनासा झाला.

बैल म्हणजे तसा बैल नव्हताच. ती बर्फावर चालणारी गाडी होती. पुढे दोन लांब घसरपट्ट्या, मागे रुंद रबरी पट्टा, मध्ये मोटारसायकलसारखी सीट. पुंडलिकरावांचा मुलगा अमर तिकडे पहाडात एका हॉटेलात कामाला होता. ते हॉटेल बंद पडलं, मालक सामान मोडीत काढायला लागला, आणि या पठ्ठ्यानं ही गाडी सफरचंदाच्या ट्रकमध्ये पेट्यांच्या मागे टाकून थेट आर्णी तालुक्यात आणली. गाव पोट धरून हसलं. आर्णीत बर्फ दिसतो तो फक्त रसवंतीच्या गुऱ्हाळात!

पण पावसाळ्यात काळ्या मातीनं एकेक ट्रॅक्टर गिळायला सुरुवात केली, तेव्हा ही गाडी सोयाबीनच्या बांधावरून फवारणीची टाकी ओढत अशी सुळकन गेली की हसणाऱ्यांची तोंडं मिटली. चिखलाचं पाणी उडालं की इंजिनही गार राहायचं. पुंडलिकरावांच्या बायकोनं, इंदुताईंनी, तिला ओवाळलं आणि नाव ठेवलं, हिमाल्या.

आता खरी गोम पोळ्याची होती. तोरणाखाली पहिला बैल उभा करायचा मान पुंडलिकरावांच्या घराचा, आजोबांपासूनचा. पण त्यांच्या जोडीतला एक बैल गेल्या उन्हाळ्यात म्हातारपणानं गेला, दुसऱ्यानं महिनाभरात त्याच्यामागे प्राण सोडला. पुंडलिकराव लहान लेकरासारखे रडले होते. नवी जोडी आणायला त्यांचं मन होईना, आणि मानाला बैल घरचाच लागतो, उसना चालत नाही. म्हणून त्यांनी जाहीर केलं, "यंदा मानाले हिमाल्या येईन. वर्षभर तोच राबला."

शेजारचा बळीराम उसळलाच. पुंडलिकरावांच्या मागचा नंबर त्याचा होता. "पोळा बैलाचा असते, लोखंडाचा नाई! उद्या कोनी मिक्सर घेऊन येईन!"

पोलीस पाटील पूनमसिंग शांत माणूस. त्यांनी मिशीवर हात फिरवला आणि तोडगा काढला. "हे पाहा, यंत्राले अट राहीन. तोरनाखाली बैलावानी उभं राह्यलं, झडत्यांची गानी संपेपर्यंत हाललं नाई, तर मान पुंडलिकरावचा. तोरनाच्या पुढे गेलं, तर मान बळीरामचा. अन् कायमचा!"

बळीरामला हे फारच आवडलं. कारण तोरण होतं मारुतीच्या पारापुढे, आणि पारापर्यंतचा रस्ता म्हणजे नुसता उतार. त्यात पाऊस.

म्हणून आर्णीहून जफर मिस्त्री आला. बर्फगाडी त्यानं जन्मात पाहिली नव्हती, पण तसं कबूल करील तो जफर कसला. डाव्या मुठीतला ब्रेक त्यानं एकदा दाबला. मूठ मुकाट्यानं हँडलला जाऊन चिकटली.

"हवा!" जफर म्हणाला. "पाइपात हवा शिरली काकाजी. अन् हे ब्रेक ऑइल पाहा, चहावानी काळं. हे ऑइल पानी पिते. जुनं सारं काढू, नवं भरू, हवा सोडू. मी खाली निपल खोलतो. तुम्ही मूठ दाबा, दाबून धरा. मी 'सोडा' म्हनलं की सोडा. त्याच्या आधी सोडली तर हवा वापस आत. समजलं?"

"त्यात काय समजाचं? कासरा धरल्यावानीच हाय."

जफर गाडीच्या कुशीत आडवा झाला. निपलला नळी लावली, नळीचं टोक बाटलीत सोडलं. "दाबा! धरा!" त्यानं निपल खोललं. नळीतून बुडबुडे निघायला लागले, आणि नेमकं रस्त्यानं जाणारं कोणीतरी ओरडलं, "रामराम, पुंडलिकराव!"

"रामराम!" पुंडलिकरावांनी दोन्ही हात जोडले.

बाटलीतलं ऑइल सुर्रकन मागे गेलं. जफर खालून ओरडला, "या अल्ला! काहून सोडलं?"

"रामराम घातला ना त्यानं."

"मंग रामराम तोंडानं घ्या ना! हात कायले जोडता?"

"मूठ धरून रामराम कोन घेते बे? लोक काय म्हनतीन?"

पुंडलिकरावांचं घर भर रस्त्यावर. सणासाठी वाण्याकडे जाणारा-येणारा प्रत्येक जण रामराम घालत होता, आणि पुंडलिकराव प्रत्येकाला मनापासून हात जोडत होते. दर रामरामाला हवा आत. शेवटी जफरनं अमरला रस्त्यात उभं केलं आणि लोकांना मागच्या गल्लीनं पाठवायला सुरुवात केली. तेव्हा कुठे मूठ दगडासारखी कडक झाली. अंगणात गाडी चालवून पाहिली. दाबलं की जागच्या जागी उभी! जफरची छाती फुगली.

इंदुताई चहा घेऊन आल्या. गाडीची कूस उघडीच होती. त्यांनी आत वाकून पाहिलं आणि विचारलं, "जफरभाऊ, याच्या आंगात सारा जोर कुठं पडते?"

एवढ्या आस्थेनं विचारल्यावर मिस्त्री काय गप्प बसतो? "हे पाहा भाभी, ही चकती. दोन्हीकडून पॅड हिले दाबून धरतात. गाडीचा सारा भार हिच्यावर. थांबाचं म्हनलं की सारं सोसते ते ही."

"बिचारी," इंदुताई म्हणाल्या. आणि ते मनात ठेवून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी खांदमळणी. वर्षभर जू वाहून दुखावलेल्या बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळून गरम पाण्यानं शेकायचं, हा त्या दिवसाचा रिवाज. इंदुताईंनी संध्याकाळी पाणी तापवलं, पळसाची पानं घेतली, वाटीत तूप-हळद कालवली आणि हिमाल्याच्या कुशीत शिरल्या. ज्या चकतीवर सारा भार पडतो, ती चकती त्यांनी दोन्ही अंगांनी अशी मायेनं चोळली की काय सांगावं! पॅडच्या फटीतही बोट घालून लावलं. मग गाडीच्या टाकीजवळ तोंड नेऊन त्या रिवाजाप्रमाणे म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

पोळ्याच्या दिवशी सकाळी अमरनं सहज गाडी काढली. अंगणाच्या टोकाला ब्रेक दाबला. गाडी थांबली ती शेणाच्या खड्ड्यात.

जफरला फोन गेला. तो धावत आला, मूठ दाबून पाहिली. मूठ कडक होती. पण जफरच्या डोक्यात हवा एकदा शिरली की निघत नसे. "हवाच आहे! लपून बसली!" पुन्हा निपल, पुन्हा नळी, पुन्हा दाबा-धरा. त्यात सणाचा दिवस, म्हणजे रामराम दुप्पट. एवढं करून गाडी पुन्हा चालवली आणि ती पुन्हा खड्ड्यात गेली.

"बाप्पा!" पुंडलिकराव मटकन ओट्यावर बसले. "गेला मान. आजोबांचा मान माह्या हातून गेला. बळीरामच्या मागे उभं राहावं लागन आता."

त्यांचा तो चेहरा पाहून जफर पुन्हा गाडीकडे वळला. त्यानं हवेचा नाद सोडला आणि गाडीच्या कुशीत डोकं घातलं. चकती पिवळीधमक चमकत होती. त्यानं बोट फिरवलं, वास घेतला आणि हळूच विचारलं, "भाभी... हे काय हाय?"

"तूप. घरचं हाय हो, डालडा नाई."

"भाभी! ब्रेकले तूप लावते का कोनी?"

"ब्रेकले कोनं लावलं? खांद्याले लावलं. तुमीच तर सांगतलं, सारा जोर तिथंच पडते म्हून."

जफरनं पेट्रोल मागवलं. त्यानं चकती पेट्रोलनं धुतली, पॅड काढून कानशीनं घासले, पुन्हा बसवले. गाडी चालवली. दाबलं की उभी! पुंडलिकरावांनी त्याला मिठीच मारली. जफरनं कुशीचं झाकण लावलं, सगळे स्क्रू आवळले, आणि इंदुताईंकडे पाहून आणखी एकदा आवळले.

इंदुताई मात्र तळमळत होत्या. सणासुदीचा दिवस, आणि मुक्या जिवाचा खांदा पेट्रोलनं पुसला! वर्षभर राबला तो, आणि आज त्याच्या खांद्याला तुपाचा थेंब नाही? असं कुठं असते का? त्यांनी खूप विचार केला. जफरभाऊ रागावले ते तूप थापलं म्हणून. बरोबरच आहे, आपलं जरा जास्तच झालं असेल. थापायचं नाही, शिंपडायचं. दुपारी सगळे फेटे बांधण्यात गुंतले असताना त्यांनी झाकणाच्या फटीतून वाटीभर पातळ तूप हलकेच आत सोडलं आणि हात जोडले.

हिमाल्या निघाला. अंगावर झूल, हँडलला बाशिंग, घसरपट्ट्यांना गेरू, गळ्यात घुंगरू. पुंडलिकराव पांढरं धोतर आणि गुलाबी फेटा घालून सीटवर बसले होते. मागून अमर बादली घेऊन पाणी मारत होता, कारण डांबरी रस्त्यावर हिमाल्याला चिखल मिळेना आणि इंजिन तापायला लागलं होतं. जफर बाजूनं चालत होता, एखाद्या वरबापासारखा.

पारापुढे अख्खं गाव जमलं होतं. आंब्याच्या पानांचं तोरण ताणलेलं, त्याच्या अलीकडे दोन्ही बाजूंना सजवलेल्या जोड्या. बळीराम आपल्या बैलांचे कासरे धरून पुढच्याच रांगेत उभा होता. उताराच्या तोंडाशी पुंडलिकराव आले, त्यांनी ॲक्सिलरेटर सोडला आणि ब्रेकची मूठ दाबली.

मूठ एकदम झकास कडक होती. जफरच्या कामात खोट काढायला जागाच नव्हती. हिमाल्या मात्र चालतच राहिला.

"दाबा काकाजी!"

"दाबली!"

"धरा!"

"धरलीच हाय बे! मी काय रामराम घालून राह्यलो का?"

ओल्या उतारावर हिमाल्या वेग घ्यायला लागला. झाकणातून धूर निघाला आणि तूप कढवल्याचा असा खमंग वास सुटला की पारावरच्या म्हाताऱ्यांना पुरणपोळीची आठवण झाली. जफरनं तो वास ओळखला आणि चालता चालता कपाळावर हात मारून घेतला.

"हो हो हो! थांब बापा, थांब!" पुंडलिकराव ओरडत होते. झडत्या म्हणणारा पहिलीच ओळ अर्धवट टाकून पारावर चढला. माणसं दोन्हीकडे पांगली. हिमाल्या घुंगरं वाजवत तोरणाखालून नव्हे, तोरणातूनच पार झाला, आणि आंब्याची पानं पुंडलिकरावांच्या गळ्यात पडली.

तोरण तुटलं की पोळा फुटतो, हे माणसांपेक्षा बैलांना जास्त पाठ असतं. सगळ्या जोड्या उधळल्या. बळीरामचे कासरे हातातून सुटले. आणि सगळ्यांच्या पुढे हिमाल्या, पाराला वळसा घालून, उघड्या फाटकातून सरळ बळीरामच्या अंगणात घुसला. तिथं कुटाराचा ढीग होता, गुरांचा वर्षभराचा चारा. हिमाल्यानं त्यात मान खुपसली आणि मग एकदाचा उभा राहिला.

पुंडलिकराव सुखरूप होते. पण ते उतरले नाहीत. गळ्यात तोरण घालून, मान खाली घालून बसून राहिले. उभं राहायची अट होती, आणि सगळ्या गावादेखत मोडली होती. डोळ्यांत पाणी आलं होतं. इंदुताई धापा टाकत आल्या. 

तेवढ्यात बळीराम धावत आला. हा त्याच्या विजयाचा क्षण होता. नुसतं गप्प उभं राहून मिशीला पीळ दिला असता तरी मान त्याचा होता. पण घराकडे पाहिलं तर कुटार अंगणभर उडालेलं, निम्मं हिमाल्याच्या पट्ट्यात गेलेलं. त्याची तळपायाची आग मस्तकात गेली. अख्ख्या गावासमोर तो ओरडला, "अहो पुंडलिकराव! आवरा ना तुमचा बैल! माहं सारं कुटार खाल्लं त्यानं!"

साऱ्या माना बळीरामकडे वळल्या.

पूनमसिंग गर्दीतून पुढे आले. "काय म्हनला बळीराम?"

"म्हनलं, आवरा तुमचा..." बळीरामचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"तुमचा काय?"

बळीराम कुटार गोळा करायला वाकला.

"साऱ्या गावानं ऐकलं," पूनमसिंग म्हणाले. "उभं राहाची अट यंत्राले होती. बैलाले कोनी अट घातली? बैल तर बिथरतेच. तुहे बी बिथरले, कुठं गेले पाह्य बरं." बळीरामनं वळून पाहिलं. त्याचे बैल खरंच दिसत नव्हते. "तोरनाखालून पहिला बैल पुंडलिकरावचा गेला. मान पुंडलिकरावचा!"

"हर बोला हर हर महादेव!" पारावरचा झडत्यावाला आता निर्धास्त ओरडला. पुंडलिकरावांनी फेट्याच्या शेवानं डोळे पुसले आणि हिमाल्याच्या सीटवर थोपटलं. जफर सगळ्यांना सांगत सुटला की ब्रेक एकदम फिट होता.

बळीरामची बायको धनीबाई घरातून ताट घेऊन आली. त्यात कुंकू, अक्षता, निरांजन आणि पुरणपोळी होती. तिनं लोटाभर पाणी नवऱ्याच्या हातात दिलं.

"हे कायले?"

"कायले म्हंजे? पोळ्याच्या दिवशी दारात बैल आला. पाय धुवा, मंग मी ओवाळते. उपाशी वापस पाठवता का त्याले?"

बळीरामनं लोटा घेतला. हिमाल्याला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, खाली वाकून पाहिलं. मग हताश होऊन पूनमसिंगांना विचारलं, "पाटील, याचे पाय कोनते?"

"ते मले काय विचारतं?" पूनमसिंग म्हणाले. "बैल तू म्हनला. पाय बी तूच शोध."