मांडणी क्रमांक पाच, मंजुरीसाठी

"चित्रात निम्मं काम हाताचं आणि निम्मं मांडणीचं," देवदत्त पेडणेकर म्हणाले, "आणि मांडणीत आता बोरीवलीत मला तोड नाही!"

जानकीबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. गेले तीन आठवडे हे वाक्य त्यांच्या कानावर कुकरच्या शिट्टीइतक्याच वेळा पडत होतं.

पेडणेकरांनी चौतीस वर्षं विक्रोळीच्या एका कारखान्यात लोखंडी कपाटांची ड्रॉइंग्ज काढली होती. कपाट समोरून, कपाट बाजूने, कपाट वरून. माणूस त्यांनी कधी काढला नव्हता, कारण कपाटात माणूस नसतो. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुलुंडला जाऊन तीन रविवारांचा एक चित्रकलेचा वर्ग केला. तिथे चित्राची मांडणी किती परींनी करता येते ते शिकवलं: त्रिकोणात, दोन्ही बाजू सारख्या ठेवून, कागदाचे नऊ भाग पाडून, नागमोडी. झालं! पेडणेकर पार वेडावले. जेवताना ताटातली लिंबाची फोड सरकवत म्हणायचे, "जानकी, ही उजवीकडे एक तृतीयांशावर आली की ताट कसं उठून दिसतं बघ." जानकीबाई ती फोड उचलून त्यांच्या वरणात पिळायच्या.

आणि अशा ऐन भरात भाऊरावांनी त्यांना काम दिलं.

भाऊराव तेंडोलकर म्हणजे त्यांच्या 'मधुमालती' सोसायटीचे चेअरमन, समोरच्या दाराचे शेजारी आणि तीस वर्षांचे संध्याकाळच्या चहाचे सोबती. चार मजल्यांची, सोळा बिऱ्हाडांची मधुमालती पुढच्या महिन्यात पाडून नवी बांधायची होती. तोवर कोणी दहिसरला जाणार होतं, कोणी विरारला, कोणी लेकीकडे पनवेलला.

"देव्या, तीन वर्षांनी किती जण परत येणार आणि किती जण भिंतीवरच्या फोटोत, कोणी सांगावं?" भाऊराव चहाचा कप खाली ठेवत म्हणाले. "रविवारी गच्चीवर निरोपाची मिसळ आहे. सगळे एकत्र असतील. तू सगळ्यांना बसव आणि एक चित्र काढ. नव्या बिल्डिंगच्या दारात लावू."

पेडणेकरांनी लगेच हो म्हटलं. माणसांचं पहिलंच चित्र आणि तेही आपल्या माणसांचं. सोळाच्या सोळा बिऱ्हाडं एकत्र बसायची ही शेवटची वेळ होती. ती चुकली तर चुकलीच.

चित्राआधी त्याचा आराखडा हवा, हे पेडणेकरांच्या हाडीमासी खिळलेलं. सोमवारी सकाळी त्यांनी मोठा कागद घेतला, पट्टी धरली आणि एकेका बिऱ्हाडाचा एकेक गोल काढून आत आडनाव लिहिलं. खाली पाच गोल, वर चार, मग तीन, मग दोन आणि शेंड्याला एकटे भाऊराव. काय सुरेख त्रिकोण! एक गोल इकडे नाही की तिकडे नाही. डाव्या अंगाला त्यांनी मुद्दाम बरीच जागा कोरी सोडली होती.

"एकदा मोजून घ्या हो," जानकीबाई म्हणाल्या.

"चौतीस वर्षं मोजमापंच घेतली मी," पेडणेकर म्हणाले आणि कागदाच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखून त्यांनी सवयीने लिहिलं: 'मांडणी क्र. १. मंजुरीसाठी. दे. पेडणेकर.' कारखान्यात मंजुरीशिवाय त्यांचं एक कपाटही पुढे गेलं नव्हतं. त्याच सवयीने ते खाली गेले आणि कागद नोटीस बोर्डावर चार टाचण्यांनी पक्का करून आले.

आता त्या बोर्डावर दुसरी एक नोटीस होती. ती बिल्डरची होती. तिच्यात लिहिलं होतं, 'नव्या इमारतीत कोणाचा फ्लॅट कुठे, याचा आराखडा लवकरच येथे लावण्यात येईल.' गेले पंधरा दिवस, एक पेडणेकर सोडले तर, मधुमालतीतला प्रत्येक जीव दूध आणायला जाता-येता तिथे डोकावत होता. सोमवारी त्यांना आराखडा दिसला. पट्टीने आखलेला, आडनावांसकट, खाली माजी ड्राफ्ट्समनची सही.

दहा मिनिटांत त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेला. पेडणेकर त्या ग्रुपवर नव्हते. रोज सकाळी येणाऱ्या गुलाबांना कंटाळून त्यांनी तो कधीच सोडला होता.

दुपारी पहिली बेल वाजली. दारात दुसऱ्या मजल्यावरच्या माणिकमावशी, हातात घावन्यांचा डबा.

"देवदत्ता, आमका कोपऱ्यात कित्याक टाकलंस?" मावशींनी थेट मालवणीत विचारलं.

पेडणेकर हरखले. म्हणजे लोक कागद इतक्या बारकाईने बघतात! "मावशी, कोपऱ्याला कमी लेखू नका. तुम्ही तिथे आहात म्हणून सगळं तोललं जातंय."

"तोलूक माका एकटीकच ठेवलंस?" मावशी म्हणाल्या. "आणि ती डाव्या अंगाची एवढी रिकामी जागा कोणासाठी?"

"ती कोणासाठीच नाही. तो डोळ्याचा विसावा. अशी मोकळी जागा सोडली नाही तर माणसाचा जीव गुदमरतो."

"डोळ्याक एवढी जागा आणि आमी चौघां येवढ्याश्या गोलात?"

मावशींचा चेहरा पडलेला पाहून पेडणेकर विरघळले. "बरं, तुम्हाला जरा मध्ये घेतो," ते म्हणाले. मावशींनी डबा पुढे केला. घावने फारच हलके झाले होते.

बुधवारी मांडणी क्रमांक दोन लागली. सात डावीकडे, सात उजवीकडे, मधोमध भाऊराव, दोन्ही बाजू आरशात पाहिल्यासारख्या. अर्ध्या तासात तिसऱ्या मजल्यावरच्या जयाबेन शहा ताटभर ढोकळा घेऊन हजर.

"पेडणेकरभाई, ही डावी बाजू नॅशनल पार्कची की हायवेची?"

हा प्रश्न पेडणेकरांना फार आवडला. चित्राच्या मागे काय दिसायला हवं, याचा त्यांनी विचारच केला नव्हता. "डावीकडे झाडं दाखवीन म्हणतो," ते म्हणाले. "उजवीकडे रस्ता."

"मग आमाला डावीकडे घ्या ना. तुमच्या शहाभाईंना धुळीचा तरास आहे."

चित्रातल्या रस्त्याच्या धुळीचा कोणाला त्रास होतो! काय हे तादात्म्य, असं म्हणून पेडणेकरांनी शहांना डावीकडे घेतलं. शहा डावीकडे आले म्हणजे कोणीतरी उजवीकडे जाणं आलं. ते गेले चंद्रप्रकाश वैद्य.

हे वैद्य पोस्टातून निवृत्त झालेले. सोसायटीच्या नळाला पाणी कमी आलं तरी तीन प्रतींत अर्ज करणारे. ते आले ते रिकाम्या हाताने.

"कोणत्या निकषावर मला हलवलंत?"

"जयाबेन म्हणाल्या म्हणून."

"असं तोंडावर सांगता?" वैद्य चाट पडले. मग स्वयंपाकघराच्या ओट्यावरचं ढोकळ्याचं ताट त्यांना दिसलं. ते ताटाकडे बघत बघतच दाराबाहेर पडले.

गुरुवारी क्रमांक तीन. कागदाचे नऊ चौकोन आणि रेघा जिथे एकमेकींना छेदतात त्या चार जागी ठळक टिंबं. 'या चारच जागा मोक्याच्या,' असं पेडणेकरांनी खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, लोकांना शिकायला मिळावं म्हणून. शुक्रवारी क्रमांक चार, सगळी बिऱ्हाडं नागमोडी. त्यावर एक जण विचारून गेला, "म्हणजे लिफ्ट नाही?" पेडणेकरांना वाटलं, मुंबईकराचा विनोद. ते पोट धरून हसले.

"जानकी, लोकांना कलेची केवढी भूक आहे!" शुक्रवारी रात्री जेवताना ते म्हणाले. घरात तोवर दोन प्रकारचे लाडू, कुळथाचं पीठ आणि आंब्याच्या रसाच्या तीन बाटल्या येऊन पडल्या होत्या.

"भूक कलेची दिसत नाही मला," जानकीबाई म्हणाल्या. "आणि भाऊराव चहाला आले नाहीत हो, तीन दिवस झाले."

"बांधाबांध चालली असेल."

पण ते वाक्य त्यांना स्वतःलाच पटलं नाही. तीस वर्षांत भाऊरावांचा चहा एकदाच चुकला होता, अपेंडिक्सच्या वेळी.

रविवार उजाडला. पेडणेकरांनी धुतलेला सदरा घातला, नवा कागद ड्रॉइंग बोर्डाला लावला, पेन्सिलींना टोक काढलं आणि गच्ची गाठली. सगळे आले होते! लहानमोठी मिळून साठेक माणसं. फक्त मिसळीच्या पातेल्याजवळ जानकीबाईंशिवाय कोणी नव्हतं, आणि बहुतेकांच्या बगलेत फायली होत्या.

"या, या, बसून घ्या," पेडणेकर उत्साहाने म्हणाले. "मावशी, तुम्ही मध्ये."

कोणी हललं नाही. वैद्य पुढे झाले आणि त्यांनी एक कागद काढला. "चेअरमनसाहेब, चौदा सभासदांच्या सह्या आहेत. इमारत पाडायला दिलेली संमती आम्ही मागे घेतोय. फ्लॅट असे ढोकळ्यावर वाटले जाणार असतील तर आम्हाला नवी बिल्डिंग नको."

"फ्लॅट?" पेडणेकर म्हणाले.

भाऊराव खुर्चीतून उठले. त्यांचा चेहरा उतरला होता. "देव्या, मेल्या, तू मला एकट्याला शेंड्यावर नेऊन बसवलंस. लोक म्हणतात, चेअरमनने वरचा अख्खा मजला घशात घातला. मी गप्प राहिलो. म्हटलं, चित्र काही पट्टीने काढत नाहीत, देव्याला बिल्डरने काम दिलं असेल, तो मला आपणहून सांगेल. चार दिवस वाट बघितली रे मी." त्यांनी खिशातून राजीनामा काढला.

आणि मग पेडणेकरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घावने, ढोकळा, हायवे, लिफ्ट, सगळं एकदम!

"अहो, ते फ्लॅट नव्हते," ते कसेबसे म्हणाले. "ते हे चित्र होतं. आजचं. कोणी कुठे बसायचं, त्याचं."

दोघातिघांनी फोन काढून कागदांचे फोटो पुन्हा उघडले.

"खोटं," वैद्य म्हणाले. "चित्रात सगळे असायला हवेत. बिऱ्हाडं सोळा आणि चारही कागदांवर गोल पंधरा. पेडणेकर कुठे आहेत? ह्यांनी स्वतःचं बाहेरच्या बाहेर आधीच उरकून घेतलंय!"

साठ माणसं त्यांच्याकडे बघू लागली. पेडणेकरांनी मनातल्या मनात मोजलं. पाच, चार, तीन, दोन, एक. पंधरा. म्हणूनच तो त्रिकोण इतका सुरेख जमला होता. चौतीस वर्षं कपाटं काढली, पण काढणारा कधी ड्रॉइंगमध्ये आला नव्हता. ते आले नाहीत ते नाहीत, पण त्यांच्याबरोबर जानकीही राहिली होती. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती शांतपणे मिसळीचं झाकण पुसत होती.

"मी विसरलो," पेडणेकर म्हणाले. "स्वतःचं घरच विसरलो."

आधी माणिकमावशी हसल्या. मग जयाबेन, मग सगळी गच्ची. भाऊरावांनी राजीनामा फाडला, तिथल्या तिथे आपल्या मित्राला मिठी मारली आणि पाठीत एक धपकाही घातला.

"म्हणजे नुसतं चित्र?" वैद्यांनी पुन्हा एकदा खात्री करून घेतली.

"नुसतं चित्र."

"मग कुठेही बसवा ना!" वैद्य म्हणाले आणि प्लेट घेऊन मिसळीकडे गेले.

पेडणेकरांच्या काळजाला हे जरा लागलंच. पण कोणाला सांगणार? माणसं हवी तशी बसली. कोणी पाण्याच्या टाकीला टेकलं, कोणी कठड्यावर, कोणी पाव चावत. ना त्रिकोण, ना नागमोड. फक्त डावीकडे, टाकीच्या सावलीत, थोडी जागा कशी कोण जाणे मोकळी राहिली.

"हाच ना तुझा डोळ्याचा विसावा?" भाऊराव म्हणाले. "वहिनी, तुम्ही बसा तिथे."

जानकीबाई पदराला हात पुसत जाऊन बसल्या. पेडणेकरांनी चार तास मान वर-खाली करत चित्र काढलं. माणसं थोडी कपाटासारखी उभट आली, पण ज्याची त्याला ओळखू येत होती. जानकीबाई तर हुबेहूब, भोवती मोकळी हवा घेऊन बसलेल्या. भाऊराव कितीतरी वेळ चित्राकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "देव्या, चल, चहा घेऊ."

सोमवारी सकाळी पेडणेकरांनी चित्राच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखली, 'मांडणी क्र. ५. मंजुरीसाठी' असं लिहिलं आणि ते बोर्डावर लावून आले.

दुपारपर्यंत वैद्यांचा अर्ज आला, तीन प्रतींत. विषय: 'सौ. पेडणेकर यांना चारही बाजूंनी सोडलेल्या मोकळ्या जागेबाबत खुलासा मिळणे.'